थांब म्हणणाऱ्या माद्या

"...आणि ग्रंथी काढल्यावर?" देवस्थळीबाईंनी विचारलं.

"खूण बंद. साफ बंद," निनाद म्हणाला.

देवस्थळीबाईंची हयात विद्यापीठाच्या उंदीरघरात गेली होती. निनाद त्यांचा शेवटचा विद्यार्थी. हुशार होता, आणि हे सर्वांत आधी त्यालाच ठाऊक होतं.

पिंजऱ्यात माद्यांची दाटी झाली की त्यांच्या मूत्राला एक गंध येतो. तो गंध म्हणजे 'जागा नाही, थांब' अशी खूण; तो हुंगून लहान माद्या उशिरा वयात येतात. निनादने दाटीतल्या मोठ्या माद्यांच्या मूत्रपिंडांवरच्या इवल्याशा अधिवृक्क ग्रंथी काढून टाकल्या. गंध गेला. त्याच पिंजऱ्यातल्या लहान माद्या लवकर वयात आल्या.

आता त्याला आणखी चाळीस माद्यांवर शस्त्रक्रिया करायची होती. अर्ज बाईंच्या पुढ्यात होता. सही झाली नाही तर त्याचं वर्ष वाया जाणार होतं.

"वयात आल्या हे कशावरून ठरवलंस?"

"नर सोडला. सगळ्या गाभण राहिल्या."

"मग?"

"मग काय? माझी नोंद तिथे संपते, बाई."

बाई उठल्या. भिंतीकडेच्या एका पिंजऱ्यासमोर थांबल्या. चिठ्ठीवर निनादचंच अक्षर होतं, सुरेख आणि ठसठशीत.

"झाकण काढ."

त्याने काढलं. माद्या एकमेकींच्या अंगावर चढून कोपऱ्यात दाटल्या होत्या.

"कापूस उचल."

"बाई, त्याचा माझ्या प्रयोगाशी..."

"उचल."

कापसाखाली पिल्लं होती. नऊ. कुणी अर्धवट कुरतडलेलं, बाकीची तुडवली गेलेली. नवजात पिल्लाच्या पातळ कातडीतून पोटातलं दूध पांढरं दिसतं. इथे एकाच्याही पोटात ते दिसत नव्हतं.

निनादची कीव यावी असा त्याचा चेहरा झाला होता, पण खरं सांगायचं तर कीव पिल्लांचीच येत होती.

"हे... कधीपासून?"

"तुझी वही मिटल्यापासून."

"पण मी यांना काहीच केलं नाही, बाई. पिल्लांना हातसुद्धा लावला नाही. मी फक्त एक खूण बंद केली."

बाईंनी कापूस पिल्लांवर परत नीट पसरला. झाकण लावलं. अर्ज सहीविना त्याच्या हातात दिला.

"जागा होती तेवढीच राहिली, निनाद. फक्त थांब म्हणणारं कुणी ठेवलं नाहीस."