वाकलेलं कार्ड

“पण दरवेळी हेच का येतं, मावशी?”

फ्रेनीमावशींनी सुईत दोरा ओवला. देवळालीतल्या आपल्या बंगलीच्या व्हरांड्यात, थंडीतल्या उन्हाला पाठ देऊन त्या उशीचा अभ्रा शिवत होत्या. टॅरोच्या कार्डांवरून भविष्य वाचायला शिकायला त्यांच्याकडे नाशिकहून मुली यायच्या. टिकायच्या थोड्या. मावशी शिकवायच्या कमी, गप्प बसायच्या जास्त.

केतकी टिकली होती. तिचे प्रश्नच संपत नव्हते.

मांडीवरच्या लेकीला, रेवाला, सावरत तिने टेबलावरचं कार्ड पुढे सरकवलं. पाच तलवारी. वर फाटके ढग. समोर तीन तलवारी कवटाळून मागे वळून हसणारा एकजण. दोन तलवारी जमिनीवर. आणि लांब, पाण्याच्या काठाशी, पाठमोरे निघालेले दोघं.

“वाच,” मावशी म्हणाल्या.

“भांडण. संपलेलं, पण मिटलेलं नाही. मनात राहिलेली अढी.” केतकीने तोंडी परीक्षेला बसल्यासारखं सांगितलं. “हसतायत त्या माझ्या नणंदबाई, विभाताई. तोंड झाकून निघालीय ती मी.”

“आणि पलीकडचा तो?”

“त्याची सगळ्यांकडेच पाठ आहे. म्हणजे माझा नवरा असणार.”

मावशींच्या ओठाचा कोपरा हलला. सुई थांबली नाही.

बारशाची हकिगत त्यांनी आधी ऐकली होती. बऱ्याचदा. नाव ठरलं होतं रेवा. पेढ्यांच्या डब्यांवर छापूनही झालं होतं. आत्या म्हणून विभाताई पाळण्याशी वाकल्या, कुर्रर्र केलं, बायकांनी त्यांच्या पाठीत रीतसर धपाटे घातले, आणि बाळाच्या कानात त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “मालती.” मालती म्हणजे त्यांची आई. केतकीच्या लग्नाआधीच गेलेल्या तिच्या सासूबाई.

“तेव्हा तू काय म्हणालीस?” मावशींनी आज पहिल्यांदाच विचारलं.

“मी? काहीच नाही.” केतकीने रेवाचं टोपडं नीट केलं. ते नीटच होतं. “म्हणजे... फार नाही.”

मावशींनी दोरा दाताने तोडला.

“आज काय अडलंय?”

केतकीने फोन पुढे धरला. परवा बोरन्हाण. विभाताईंचा निरोप आला होता, बारशानंतरचा पहिलाच: ‘हलव्याचे दागिने करतेय. बाळाच्या मनगटाचं माप कळव.’

“आज कळवलं नाही तर राहूनच जाईल. पण बघा ना. ‘कळव’ म्हणतात. ‘कळवशील का’ नाही. आणि ‘बाळाच्या’! पोरीला नाव आहे की नाही? मुद्दाम टाळलंय.”

“कोणतं?”

“रेवा!”

“मालतीसुद्धा टाळलंय.”

केतकीने फोन जवळ घेऊन पुन्हा वाचला. हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. कुणाच्याही निरोपात तीन-तीन अर्थ शोधणाऱ्या आपल्याला हा एक कसा दिसला नाही, याचं तिला जरा वाईटच वाटलं.

“पण कार्डाचं काय?” ती म्हणाली. “कळवू का, असं मनात धरते, कापते, आणि हेच येतं. काल आलं. सकाळी पोरगी झोपल्यावर आलं. कार्ड नाही म्हणतंय, मावशी. चांगलं ठणकावून.”

“आता काप.”

मावशींची रीत साधी होती. पत्ते पिसायचे, गठ्ठा टेबलावर ठेवायचा, डाव्या हाताने कापायचा आणि उचललेल्या भागाचं तळचं कार्ड वाचायचं. केतकीने कार्ड आपल्या गठ्ठ्यात घातलं. एका हाताने रेवाला धरून जमेल तसं पिसलं. कापलं.

पाच तलवारी.

तिच्या अंगावर काटा आला. थोडं बरंही वाटलं.

“बघितलंत?”

“हं.” मावशींनी ते कार्ड पुन्हा आत मिसळलं. चांगलं पिसलं. मग गठ्ठा व्हरांड्याच्या कठड्यावर, उन्हात ठेवला.

“खाली वाक. कडेने बघ.”

“कडेने?”

“चित्र पाठ झालंय तुझं.”

केतकी रेवाला कडेवर घेऊन वाकली. गठ्ठ्याची कड तिच्या डोळ्यांच्या रेषेत आली. सगळी कार्डं एकमेकांवर घट्ट बसली होती. फक्त मधे एका ठिकाणी फट होती. केसाएवढी. तिच्यातून ऊन आरपार येत होतं.

तिने त्या फटीत नख घातलं आणि वरची कार्डं उचलली.

...

हातात आलेलं पाच तलवारींचं कार्ड पन्हाळीसारखं वाकलं होतं. एका कोपऱ्याची चकाकी पार उडाली होती. तिथे अंगठ्याएवढा मळका डाग होता. तिने आपला अंगठा त्यावर ठेवून पाहिला. नेमका बसला.

“रोज काढून बघतेस?” मावशींनी विचारलं.

“रोज नाही काही.” केतकीला हसू येईना, रडूही येईना. “दूध तापेपर्यंत. पाळणा हलवताना. ही झोपली की... ही उठेपर्यंत.”

बाकीची कार्डं कशी कोरी करकरीत होती! कित्येकांकडे तिने एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

“म्हणजे कार्ड आपणहून येत नव्हतं? वाकलंय म्हणून हात तिथेच कापायचा?”

मावशींनी रीळ हातात घेतलं.

“की येत होतं, पण...” ती थांबली. कार्ड दोन्ही बाजूंनी दाबून सरळ करायला गेली. सोडलं की ते पुन्हा वाकायचं. “आता हे बदलून घ्यायचं का? का नवीनच डेक आणू? आणि नवीन डेकमध्येही हेच आलं तर?”

फ्रेनीमावशींनी रिळाचा हातभर दोरा सोडवला, तोडला आणि खुर्ची ओढून जवळ आल्या. रेवाने दोऱ्यावर झडप घातली.

“मावशी, सांगा ना. मग या कार्डाचा अर्थ काय?”

...

मावशींनी दोऱ्याचं टोक त्या इवल्याशा मनगटाखालून घेतलं.

“हात धर पोरीचा. हलवतेय ती, माप चुकेल.”