हौसाक्काचा णुणू

गाव होतं एक. नाव सांगत नाही, तिथली माणसं भांडायला येतील. त्या गावात हौसाक्का नावाची बाई पोरांसाठी चित्रांची पुस्तकं करायची. शिकली होती चौथीपर्यंत. तीही मास्तर दयाळू होते म्हणून.

कागद विकत आणायला कुठून परवडणार? मग ती लग्नपत्रिका गोळा करायची. पुढून पत्रिका, मागून कोरी. त्या कोऱ्या पाठीवर हळदीचा पिवळा, कुंकवाचा लाल, कपड्याच्या निळीचा निळा आणि काजळाचा काळा. मग सुईदोरा घेऊन पुस्तक शिवायचं. गावात लग्नं जास्त झाली की पोरांची चैन.

तिचं सगळ्यात लाडकं पुस्तक अक्षरांचं. म्हणजे तुमच्या शाळेतल्या तक्त्यासारखं नव्हे. तक्त्यातली म्हैस नुसती उभी असते. हौसाक्काची म्हैस पतंग उडवायची. ‘व’ची विहीर पिशवी घेऊन बाजाराला निघालेली. ‘क’चं कासव फेटा बांधून लग्नाला चाललेलं, आणि पोचेपर्यंत त्या नवरा-नवरीला नातू झालेले.

दिवाळी सरली की गावात धनगर यायचे. शेतात मेंढरं बसवायचे, आठ-पंधरा दिवस राहायचे, पुढं जायचे. एका वर्षी त्यांच्यात एक पोरगी होती. नऊ वर्षांची. नाव बाणाई. मेंढरं बसली की ही हौसाक्काच्या ओट्यावर. तिला स्वतःचं नाव लिहायचं होतं. हौसाक्कानं तिला पाटीवर काढून दिलं. मग बाणाई पुस्तकात आपल्या नावातली अक्षरं हुडकायला लागली. ‘ब’चं बदक सापडलं. ‘ई’चं ईडलिंबू सापडलं. ‘ण’पाशी आली आणि अडली. तिथं बाण होता. सगळीकडं असतो तसा.

“आक्के, ह्यो तर बान. बान ‘ब’च्या घरचा. ह्या अक्षराचं सोताचं काय?”

“त्याचं सोताचं न्हाई गं काय. कुठला शब्दच त्याच्यापासनं सुरू होत न्हाई.”

तुम्ही बघा शोधून. ‘ण’नं सुरू होणारा शब्द. शोधा, मी थांबतो.

मिळाला? नाही ना? मग गप ऐका.

बाणाईनं त्या अक्षरावर बोट ठेवलं. म्हणाली, “म्हंजी ह्याला घरच न्हाई. आमच्यागतच हाय की ह्यो.”

हौसाक्कानं पुस्तक आपल्याकडं ओढलं. मग म्हणाली, “थांब. ह्याला मी एक जनावर काढते. सोताचं. पयला मान त्याचा.”

“कवा?”

“उद्या.”

उद्या उजाडायच्या आत मेंढरं हलली. धनगराचं तसंच असतं. बाणाई पळत येऊन दारातूनच ओरडून गेली, “आक्के, पुढल्या वर्साला येते! काढून ठिव!”

हौसाक्कानं काढलं. नाव ठेवलं णुणू. म्हणून बघा, जीभ उलटी वळते की नाही? मेंढरासारखं अंग आणि ही लांब मान. का लांब? तर हा बिचारा कायम शब्दाच्या मागं उभा. पुढच्यांच्या डोक्यावरनं बघून बघून मान वाढली. गावातल्या पोरांना णुणू एवढा आवडला, की म्हशीचा पतंग कटला तरी कोणी विचारेना.

पण ज्या पोरीसाठी काढला, ती आली नाही. पुढल्या दिवाळीला धनगर आले, बाणाईचं बिऱ्हाड नव्हतं. त्याच्या पुढल्या वर्षीही नाही. हौसाक्का शेताच्या बांधापर्यंत जायची, तोंडं बघायची, परत यायची. शेजारीण म्हणायची, “आक्के, मेंढरं मोजाया जातीस व्हय गं?” हौसाक्का म्हणायची, “व्हय. एक कमी भरतंय.”

तिसऱ्या वर्षी शहरातून एक गृहस्थ आले. अण्णासाहेब. छापखान्याचे मालक. चष्मा नाकावर, आणि नाक सगळ्यांच्या वर. पुस्तक बघितलं, पोट धरून हसले.

“हौसाबाई, हजार प्रती छापतो. गावोगावच्या शाळांत पाठवतो. फक्त हे पान काढा. णुणू? असं जनावर जगात नाही.”

“आनि बाजाराला जानारी ईहीर हाय व्हय जगात?”

“अहो, विहीर हा शब्द तरी आहे! णुणू शब्दच नाही. मास्तर लोक मला हसतील. इथं बाण काढा.”

“अन्नासाहेब, तुमच्या नावात दोन-दोन हाईत ह्ये अक्षर. एकाला तरी पुढं उभं ऱ्हाऊ द्या.”

अण्णासाहेब हसले. पण हसणं वेगळं आणि धंदा वेगळा. म्हणाले, “बाण, नाहीतर पुस्तक तुमच्याकडंच राहू द्या. सकाळच्या गाडीला निघतोय.”

हौसाक्का विचारात पडली. बाणाई कुठं आहे ठाऊक नाही. पण हजार पुस्तकं हजार ठिकाणी गेली, तर त्यातलं एखादं ती असेल तिथं जाईल. पुस्तक गेलंच नाही तर पोरीला काहीच मिळायचं नाही. आधी पुस्तक तर पोचू दे. णुणूचं मग बघू.

पटलं ना तुम्हांला? मलाही पटलं होतं. तिलाही पटलं. तिनं णुणूचं पान उसवलं आणि बाण काढून दिला. चांगला सरळ, टोकदार बाण.

पुस्तक छापून आलं. गुळगुळीत कागद, वर हौसाक्काचं नाव. सरपंचानं नारळ दिला. गावातल्या पोरांनी पानं उलटली आणि ‘ढ’च्या पुढं येऊन विचारलं, “आक्के, णुणू कुठं गेला?” हौसाक्का म्हणाली, “गेलाय गावाला. येईल.” पोरं घरी गेली. शेवटी पोरंच ती, त्यांना खरं वाटलं.

पुढल्या दिवाळीला धनगर आले. त्यांत बिराप्पा होता, बाणाईचा सख्खा मामा. हौसाक्कानं त्याला बांधावरच गाठलं. पाणी नाही विचारलं, चहा नाही विचारला.

“माझी बानाई कुठं हाय?”

“देशावर. तिच्या बापानं मेंढरं इकली. गवंड्याच्या हाताखाली लागलाय. पोरगी साळंत जाती आता.”

“साळंत? मग पुस्तक आलं का साळंत?”

“आलं की!” बिराप्पा हसला. “मी तवा तिथंच व्हतो. तुझं नाव वाचलं आनि अशी नाचली म्हनतीस! समद्या पोरींना गोळा केलं. म्हनली, माझ्या आक्कीनं माझ्या अक्षराला जनावर काढलंय, बघा आता.”

“मग?”

“मग काय. उघडलं, तर बान व्हता.”

“पोरी हसल्या?”

“हसल्या की.”

“आनि ती? माझ्यावं रागावली आसंल.”

“न्हाई गं. रागावती कुठली. पुस्तक मिटलं, म्हनली, आक्कीला येळ झाला नसंल.”

हौसाक्का तिथंच बांधावर बसली. पोरगी चिडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. शिव्या माणूस खातो आणि पचवतो. पण हे काही गिळता येईना.

मग उठली. घरी गेली, एक पत्रिका घेतली आणि कोऱ्या पाठीवर णुणू काढला. ह्या वेळी मान आणखी लांब झाली. खाली लिहिलं, ‘येळ व्हता गं. आक्काच चुकली.’ घडी घातली आणि बिराप्पाला दिली.

बिराप्पा म्हणाला, “आक्के, मी चाललोय कोकनात. तिकडं कवा जानं हुईल सांगता येत न्हाई. दोन वर्सं बी लागतील.”

“लागू देत.”

“तवर पोरगी मोठी हुईल. तिला कशाला लागतंय चित्र?”

“तिला न लागू दे,” हौसाक्का म्हणाली. “तिच्या अक्षराला लागतंय.”

बिराप्पानं घडी पटक्यात खोचली आणि मेंढरांच्या मागं चालू लागला. हौसाक्का बांधावर उभी राहून बघत राहिली. मेंढरांनी उडवलेल्या धुरळ्यात पटका दिसेनासा झाला, तशी टाचा उचलून बघायला लागली.

तात्पर्य: ज्याच्यासाठी निघालात त्याच्याकडं लवकर पोचायच्या नादात, त्याला द्यायची वस्तूच वाटेत टाकू नका. रिकाम्या हातानं पोचण्यापेक्षा उशिरा पोचलेलं बरं.