कड्यावरची राणी

त्या तळ्याचं पाणी दर हिवाळ्यात गोठत असे. त्याआधी हंसांना बर्फाचे डोंगर ओलांडावे लागत. वाट सलग दोन दिवसांची होती आणि मध्ये टेकायला जागा नव्हती.

म्हणून त्यांच्यात एक रीत होती. निघण्याआधी प्रत्येकाने काठच्या चिखलात पाऊल उमटवायचं. पावलात पाणी साठलं, की अंगात वाटेपुरतं बळ आहे असं थोरली हंसीण ठरवी. ज्याचं पाऊल उथळ, त्याने आणखी चार दिवस चरायचं. खोल पावलाचं कौतुक होई आणि पिल्लं आपापलं पाऊल सगळ्यांना दाखवत फिरत.

मग पांढऱ्या कड्यावर राणी दिसू लागली.

सूर्य कलला की तिथे एक सावली उभी राही. लांब मान, काडीएवढं अंग, डोक्यावर तुरा. "पाहा, मी किती हलकी," असा आवाज कड्यावरून येई. "आणि आपापली पोटं पाहा." थोरांना तो पोरखेळ वाटला, त्यांनी लक्ष दिलं नाही. तरणे हंस आणि हंसिणी मात्र रोज संध्याकाळी कड्याकडे तोंड करून बसू लागले.

त्यांनी आधी गवताचे कोंब सोडले, मग पाण्यातले कंद. पोटात कावळे ओरडत. हंसांना हे शोभत नसलं तरी त्याचीही प्रौढी मिरवली जाऊ लागली. पाऊल खोल उमटलंच, तर जो तो पंखाने चिखल सारवून टाकी. थोरली रागावे, पण रागावल्याने कोणाची भूक परत येत नाही.

लव्हाळी आणि पिसोळी या दोघी मैत्रिणी पिलूपणापासून एकत्र पोहलेल्या.

"दोन कोंब खा ना," लव्हाळी म्हणे.

"सकाळी खूप खाल्लंय."

"किती?"

"एक."

लव्हाळीने स्वतः दीडच खाल्लेला असे.

उडण्याच्या सरावात एका संध्याकाळी लव्हाळीचे पंख मध्येच थकले आणि ती तळ्याकाठच्या टेकाडावर पडली. कड्याकडे तोंड करून बसणाऱ्यांची पाठ नेमकी त्या टेकाडाकडे असे. तिथे उतरत्या उन्हात एक वाळका बोरू रोवलेला होता, शेंड्याशी मानेसारखा वाकलेला, टोकाला तीन पिसं खोचलेला. त्याचीच सावली समोरच्या कड्यावर पडली होती. शेजारच्या गवतात एक कोल्हा लोळत पडला होता आणि कड्याकडे तोंड करून म्हणत होता, "पाहा, मी किती हलकी," आणि तो आवाज कड्यावर आदळून तळ्याकडे परतत होता. तळं गोठल्यावर मागे कोण कोण राहील, याचा अंदाज घेत तो मधूनच ओठ चाटत होता.

लव्हाळी कोल्ह्याच्या पाठीमागून, त्याला कळू न देता सरपटत पाण्यापर्यंत आली. तिने सगळं सांगितलं, पण कोणी मानलं नाही.

"तुला जमलं नाही ना, म्हणून बोलतेस असं," पिसोळी म्हणाली. तिचा आवाजही बारीक झाला होता. ही डोंगर ओलांडणार नाही, हे लव्हाळीला तेव्हा कळलं आणि तिला फार भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी ती खायला बसली. पहिला कंद घशाखाली उतरेना. तिने तो उतरवला आणि दुसरा उचलला. कडा रोज नावं ठेवत होता. ती सगळ्यांच्या देखत आठ दिवस चरली.

नवव्या संध्याकाळी ती टेकाडावर जाऊन उतरली. कड्यावर राणीशेजारी एक गोल, भरदार सावली उभी राहिली. तळ्यावर खसखस पिकली. मग त्या गोल सावलीने मान वळवली, राणीला मधोमध धरलं आणि कुरुकुरु चावून खाल्लं. शेवटी ते गवतच होतं, आणि वाळलेलं असल्यामुळे चवीला बेताचं.

तेवढ्यात कड्यावर तिसरी सावली उसळली. टोकदार कान, उघडा जबडा. लव्हाळीने पंख मारले. आठ दिवसांचे कंद आता त्या पंखांत होते. कोल्ह्याच्या तोंडी शेपटीचं एक पीस आलं, बाकीची ती वर होती.

पिसोळीने पाण्यात मान घातली. बऱ्याच वेळाने ती वर आली तेव्हा चोचीत कंद होता.

त्या वर्षी निघायला पंधरवडा उशीर झाला. काठाला बर्फाची किनार आली. पिसोळीचं पाऊल तीनदा उथळ उमटलं आणि तिन्ही वेळा लव्हाळी तिच्यासाठी थांबली. चौथ्यांदा पावलात पाणी भरलं, तशी थोरलीने मान हलवली.

तळं रिकामं झाल्यावर कोल्हा काठावर उतरला. एकेक पाऊल हुंगत तो सगळा काठ फिरला. सगळीच पावलं खोल होती आणि त्यांत पाणी गोठलं होतं. असे बरेच दिवस उपाशी गेले. मग एका संध्याकाळी तो टेकाडावर जाऊन बसला. समोर कड्यावर त्याचीच सावली उभी राहिली. लांब मान, काडीएवढं अंग. पाहायला तळ्यावर कोणी नव्हतं.