चिखल खालून, काजळी मागून

पिंपरखोल नावाच्या गावात एक भोळा जावई राहत होता. त्याचं नाव सोपानराव. जावयानं सणाला यावं, चार दिवस गोडधोड खावं आणि आपल्या गावी जावं, अशी रीत. पण सोपानराव दिवाळसणाला आले तेव्हा सासरे म्हणाले, "राहा हो निवांत." सोपानराव निवांत राहिले. त्यानंतर तीन दिवाळ्या होऊन गेल्या. आता जा, असं कोणी म्हणालं नाही, आणि न सांगता निघणं त्यांना बरं दिसेना.

त्यांची बायको कावेरी गावातल्याच शाळेत शिकवायची, त्यामुळे तिला हे सोयीचंच होतं. सासूबाईंना म्हशीसाठी हक्काचा माणूस मिळाला होता. अडचण फक्त सासऱ्यांची होती. जावयाला रागवता येत नाही. फार तर दात आवळून गोड बोलता येतं. तीन वर्षांत त्यांच्या दोन दाढा हलायला लागल्या होत्या.

सासरे म्हणजे दफादार किसनराव माने. फौजेत रणगाडा चालवायचे. लढाई संपून पन्नास वर्षं झाली होती, पण किसनरावांच्या ओट्यावर ती रोज संध्याकाळी पाच वाजता पुन्हा सुरू व्हायची. शेवट ठरलेला. "टँक अडला की कर्नलसाहेब पहिलं माझंच नाव घ्यायचे. आजही शंभर माणसांत मला ओळखतील."

पन्नास वर्षं हे कोणी तपासलं नाही. मग गावात माजी सैनिकांचं सभागृह बांधून झालं आणि उद्घाटनाला खुद्द कर्नल रणदिवेसाहेब यायचं ठरलं. रविवारी, दुपारी चार वाजता.

"चला," गाव म्हणालं, "आता बघू ओळखतात का."

किसनरावांचं जेवण कमी झालं. साहेब पंच्याऐंशीचे. गावात माजी सैनिक बारा. बारांच्याही मिशा पांढऱ्या आणि त्या दिवशी बारांचेही कपडे पांढरे असणार. साहेबांनी नाही ओळखलं, तर ओटा कायमचा बंद.

कावेरीनं तोड काढली. "बाबा, तुमच्या टँकचं मॉडेल मिळतं. जोडायचं, रंगवायचं. ते हातात धरून उभे राहा. माणूस विसरला तरी साहेब टँक विसरणार नाहीत."

तिनं मोबाइलवरून खोकं मागवलं. आत प्लॅस्टिकचे दीडशे तुकडे आणि इंग्रजीतला एक कागद. तो तिनं मराठीत लिहून काढला. आता जोडायचं कुणी? किसनरावांना कमी दिसायचं आणि हात थरथरायचे. सोपानरावांचा हात मात्र नाजूक कामाला पक्का. सुईत दोरा एका फटक्यात ओवायचे.

किसनराव म्हणाले, "सोपानराव, कागदात लिहिलंय तसं करा. एका शब्दाचं इकडेतिकडे नको."

"बरं, मामा. लक्षात ठेवतो."

सकाळी नऊला सोपानराव बसले. कागदात लिहिलं होतं, 'चाकाला गोंद लावून ते जागेवर बसवा व घट्ट धरून ठेवा.' त्यांनी चाक बसवलं आणि घट्ट धरलं. दहा वाजले. अकरा वाजले. चहा आला, तो त्यांनी बशीत ओतवून घेतला आणि मान खाली घालून प्यायला. दुपारी कावेरी शाळेतून जेवायला आली, तर नवरा एक चाक धरून बसलेला आणि आई त्याला भात भरवतेय.

"सोडा की ते," कावेरी म्हणाली.

"सोडा असं कागदात नाही."

किसनरावांनी दात आवळले. "जावईबापू, धरायचं म्हणजे जन्मभर नाही. दहा आकडे मोजायचे आणि सोडून द्यायचं."

"बरं, मामा. लक्षात ठेवतो."

मग काम झपाट्यानं झालं. दोन दिवसांत टँक उभा राहिला. लांब तोफ, वर झाकण, खाली चाकांची रांग. किसनराव त्यावरून बोट फिरवत बसले.

बुधवारी सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, चंद्री आज लाथा झाडतेय. जरा धरा तिला, मी धार काढते."

सोपानरावांनी म्हैस धरली. दहा आकडे मोजले. सोडून दिली.

चरवी उडून अंगणात पडली. सासूबाई शेणात बसल्या. चंद्री सरपंचांच्या परसातला कोबी खाऊन अडीच तासांनी आपणहून परत आली.

जावयाला सासूही रागवत नाही. "बापू," त्या पदर झटकत म्हणाल्या, "सोडायचं नसतं. बाहेरून आलं की आधी दावणीला बांधायचं, मग पाणी दाखवायचं."

"बरं, मामी. लक्षात ठेवतो."

गुरुवारी टँकला हिरवा रंग दिला. कागदात लिहिलं होतं, 'दिवसभर बाहेर उन्हात वाळवा.' गच्चीवर वाळवला. संध्याकाळी सोपानराव तो खाली घेऊन आले. म्हणजे टँक बाहेरून आला. त्यांनी तोफेला दावं अडकवलं आणि चंद्रीशेजारी बांधला. मग पाणी दाखवलं. पाण्याकडे तो बघेना, म्हणून उचलून हौदात धरला.

किसनराव धावत आले. सुदैवानं रंग वाळला होता. काही बिघडलं नव्हतं, उलट धुऊन निघाल्यामुळे टँक जास्तच चकाकत होता. किसनरावांनी तो चष्म्याजवळ नेला.

"हा तर नवाकोरा दिसतोय. लढाईवरून आलेला असा असतो का? असा कोरा बघून साहेब कसे ओळखणार?"

"कसा असतो, मामा?" सोपानरावांनी विचारलं.

किसनराव बाजेवर बसले. टँकबद्दल बोलायचं असलं की त्यांचे दात आपोआप सैल व्हायचे. "चिखल खालून वर चढतो. खाली जाड, वर पातळ. पत्र्याला पत्रा जिथं मिळतो, जिथं वाकतो, तिथं गंज. आणि मागं धुराडं असतं, तिथं काजळी. भसाभसा लावायचं नाही. हलक्या हातानं, ब्रश टेकवत टेकवत. त्याला कळूसुद्धा नये, असं. लढाईवरून आलेलं कोरं दिसलं की साहेब ओळखत नाहीत, एवढं ध्यानात ठेवा."

"बरं, मामा. लक्षात ठेवतो."

आता खरं सांगायचं, तर हे काम सोपानरावांनी असं केलं की बघत राहावं. ओढ्यातला चिखल आणला, धोतराच्या फडक्यातून गाळला आणि डिंकाच्या पाण्यात कालवला. जुन्या कुदळीचा गंज खरवडून त्यात चिमूटभर गेरू मिसळला. चुलीवरच्या तव्याची काजळी खोबरेल तेलात घोटली. तीन डबे भरले, आणि शुक्रवारी दिवसभर ब्रश टेकवत टेकवत काम चाललं. संध्याकाळी टँक असा दिसायला लागला, की आताच बांधावरून उतरून आलाय. निवृत्त नाईक बाबूराव त्याचा वास घेऊन म्हणाले, "डिझेलचा वास येतोय." किसनरावांनी चष्मा काढून डोळे पुसले. त्या रात्री ते दोन भाकऱ्या जेवले.

शनिवारी सासूबाईंनी उद्घाटनाची समई आणि ताम्हण काढलं. दोन्ही काळी पडलेली. "बापू, पाहुण्यांपुढं असं मळकट ठेवायचं नसतं. चिंच लावा, काथ्यानं घासा. लखलखीत झालं पाहिजे."

"बरं, मामी. लक्षात ठेवतो."

समई लखलखली. ताम्हण लखलखलं. मग सोपानरावांनी इकडेतिकडे बघितलं. पाहुण्यांपुढं आणखी काय काय ठेवायचं होतं?

रविवारी सकाळी किसनरावांनी टँकवरचं फडकं उचललं, तर खाली एक राखाडी प्लॅस्टिकचा डबा. चिखल नाही, गंज नाही, हिरवा रंगही नाही. तोफ मोडून शेजारी ठेवलेली. तीही घासलेली.

किसनरावांनी दातसुद्धा आवळले नाहीत. याचीच सगळ्यांना भीती वाटली.

"मामी म्हणाल्या होत्या," सोपानराव म्हणाले.

"मी समईचं म्हणाले होते," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तू समईचं नाव एकदा घेतलंस आणि पुढचं सगळं मोघम," कावेरी म्हणाली. "बाबांचंही तेच. तुम्ही दोघं अर्धं सांगता, हे पूर्ण करतात, आणि मग तुम्ही कपाळावर हात मारता."

"आम्ही वडीलधारी माणसं आहोत," किसनराव क्षीण आवाजात म्हणाले.

"म्हणून तर पूर्ण वाक्य बोला."

किसनराव बाजेवर टेकले. "हा डबा धरून उभं राहण्यापेक्षा रिकाम्या हातानं जातो. गेली माझी पन्नास वर्षं. साहेब येणार, बाराच्या बारा पांढरे पुतळे बघणार आणि पुढं जाणार."

दुपारी कावेरी आणि सासूबाई रांगोळी काढायला सभागृहाकडे गेल्या. जाताना कावेरीनं नवऱ्याला बजावलं, "बाबांना काही विचारू नका. साहेबांची गाडी आली की हाक मारा, बास."

"बरं."

किसनराव तयार होऊन बसले होते. पांढरी विजार, पांढरा सदरा, पायात बूट, छातीवर पदकं. फोटो निघणार म्हणून चष्मा खिशात. वेळ होता, म्हणून जरा आडवे झाले. भिंतीकडे तोंड करून कुशीवर वळले, आणि काळजीनं दमलेला माणूस झोपतो तसे गाढ झोपले.

सोपानराव शेजारी बसून राहिले. त्यांना वाईट वाटत होतं. टँक तर गेला. आता साहेबांपुढं जाणार ते मामाच. आणि मामा लढाईवरून आलेले.

सोपानरावांनी मामांकडे नीट बघितलं.

नवेकोरे.

तिन्ही डब्यांत माल शिल्लक होता.

त्यांनी जराही भसाभसा लावलं नाही. चिखल खालून वर घेतला, बुटांवर जाड, गुडघ्यापाशी पातळ. विजार जिथं वाकते तिथं, म्हणजे गुडघ्यांना, गंज दिला. कोपरांनाही दिला. पदकांना द्यावा का, यावर थोडा विचार केला, पण पदकं वाकत नव्हती. मग मागच्या बाजूला आले. धुराडं मागं असतं, हे मामांनी स्वतः सांगितलेलं. तिथं काजळी लावली, मधे दाट आणि कडेला विरत गेलेली. ब्रश टेकवत टेकवत. मामांना कळलंसुद्धा नाही.

बाहेर गाडीचा आवाज आला. सोपानरावांनी सासऱ्यांना उठवलं. किसनराव ताडकन उठले, मिशीवरून हात फिरवला आणि चालू लागले.

रस्त्यानं लोक थांबून बघत होते. किसनरावांना वाटलं, पदकं बघतायत. त्यांनी छाती पुढं काढली. मागून जाणारे जास्तच बघत होते.

सभागृहापुढं अकरा जण रांगेत उभे होते. किसनराव शेवटी जाऊन उभे राहिले. सासूबाईंच्या हातातलं ताम्हण कललं. कावेरीनं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं समाधानानं मान हलवली.

कर्नलसाहेब काठी टेकत रांगेतून निघाले. पांढरा शुभ्र सूट, पांढरे बूट. एकेकासमोर थांबायचे, हात मिळवायचे. "मी नाईक बाबूराव, साहेब." "हो का, हो का." पुढं. "मी हवालदार शेलार." "हो का, हो का." पुढं. अकरा झाले. एकही ओळखला नाही.

बारावे किसनराव. त्यांनी नाव सांगायच्या आधी सलाम ठोकला.

साहेब थांबले. त्यांनी बुटांकडे बघितलं. गुडघ्यांकडे बघितलं. मग काठी उचलून म्हणाले, "वळ बघू जरा."

हुकूम तो हुकूम. किसनराव टाच आपटून वळले. गावानं श्वास रोखला.

"अरे," साहेब म्हणाले, "हा तर आपला किसन."

किसनराव पाठमोरेच उभे होते. त्यांचे खांदे हलायला लागले.

"चाळीस टनांचा टँक यानं चिखलात रुतवला," साहेब गावाला सांगू लागले. "मी वैतागून ओरडलो, किसन, आता उतर आणि ढकल. वैतागून हो. आणि हा खरंच उतरला. मागं जाऊन पाठ टेकवून ढकलायला लागला. शेवटी मी चालवायला बसलो, तर सगळा धूर याच्या अंगावर. तीनदा रुतवला, तीनदा मी ओरडलो आणि तीनदा यानं ढकलला. दिवसभर असाच हिंडायचा. खाली चिखल, मागं काळा. मी म्हटलं, अरे, अंगाला जरा पाणी लाव. तर बोट बुडवून मनगटाला लावलं आणि म्हणाला, लावलं साहेब."

कावेरी वडिलांकडे बघत राहिली. मग नवऱ्याकडे. मग पुन्हा वडिलांकडे.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तीन वर्षं तुम्ही ह्यांच्यावर दात आवळताय."

किसनरावांना ते ऐकू गेलं नाही. साहेबांनी त्यांना वळवून मिठी मारली होती. पन्नास वर्षांनी ओळख पटली होती. गाव टाळ्या वाजवत होतं, निवृत्त नाईक बाबूराव डोळे टिपत होते, आणि ओटा आता पुढची पन्नास वर्षं तरी बंद होत नव्हता.

मिठी सुटली. साहेबांच्या पांढऱ्या विजारीला पुढून छान चिखल लागला होता. गुडघ्यांना थोडा गंजही.

सोपानराव लांबून बघत होते. पुढच्या बाजूचं काम बरं झालं होतं. पण साहेबही लढाईवरून आलेले, आणि त्यांची मागची बाजू साफ कोरी राहिली होती.

ते घरी जाऊन काजळीचा डबा घेऊन आले.

"साहेब," ते अदबीनं म्हणाले, "वळा बघू जरा."