तेलात पडली ठिपकी

एक होती मुनिया. चिमणीसारखी, पण एवढीशी. पोटावर ठिपकेच ठिपके, म्हणून नाव ठिपकी.

ठिपकी निघाली पिल्लासाठी दाणा आणायला. छोट्या इरूच्या अंगणात होती वाटी. वाटीत इरूच्या डोक्याला लावायचं तेल. तेलावर तरंगत होता एक दाणा.

ठिपकी वाकली. अजून वाकली. बुळुक्.

कशीबशी बाहेर आली, तर पंख चिकटलेले. फड फड थप्. फड फड थप्. उडणंच गेलं.

वर झाडावर पिल्लू ओरडलं, "आई, भूक."

"आले रे, आले," ठिपकी म्हणाली. मग हळूच म्हणाली, "कुठली आई तेलात पडते? मीच ती."

निघाली उड्या मारत. टुप टुप टुप. बादलीतल्या कोमट पाण्याकडे.

"पंख उघडेना, पिल्लू थांबेना. पाण्या पाण्या, तेल काढ."

पाण्यानं थेंब टाकले. थेंब गेले घरंगळून.

पाणी म्हणालं, "तेल माझ्याशी बोलतच नाही गं. रिठा फेस देईल, तर मी तेल काढीन."

टुप टुप टुप. ठिपकी गेली रिठ्याकडे. रिठा म्हणजे गोल, तपकिरी फळ. डोकं धुवायचं.

"पाणी तेल काढेना, पंख उघडेना, पिल्लू थांबेना. रिठेबुवा, फेस द्या."

रिठा म्हणाला, "फेस माझ्या सालीत आहे. साल टणक आहे. बत्ता मला फोडेल, तर मी फेस देईन."

टुप टुप टुप. ठिपकी गेली बत्त्याकडे.

"रिठा फेस देईना, पाणी तेल काढेना, पंख उघडेना, पिल्लू थांबेना. बत्तोबा, रिठा फोडा."

बत्ता म्हणाला, "फोडला असता. पण मला उचलणार कोण? तू? इरू मला उचलेल, तर मी रिठा फोडीन."

टुप टुप टुप. ठिपकी गेली इरूकडे. इरू पायरीवर बसली होती, गाल फुगवून.

"बत्ता रिठा फोडेना, रिठा फेस देईना, पाणी तेल काढेना, पंख उघडेना, पिल्लू थांबेना. इरूबाई, बत्ता उचल."

इरू म्हणाली, "नाही उचलणार. फेस झाला की आई मला न्हाऊ घालते. डोळे झोंबतात. पपई मला देठ देईल, तर मी बत्ता उचलीन. मग मी फेसाचे फुगे करीन."

टुप टुप टुप. ठिपकी गेली पपईकडे. पपईच्या पानाचा देठ लांब, आतून पोकळ.

"इरू बत्ता उचलेना, बत्ता रिठा फोडेना, रिठा फेस देईना, पाणी तेल काढेना, पंख उघडेना, पिल्लू थांबेना. पपईमावशी, देठ दे."

पपई म्हणाली, "एक पान पिकलंय खरं. पण मला वाकता येत नाही, बाई. वारा मला हलवेल, तर मी देठ देईन."

टुप टुप टुप. ठिपकी गेली कुंपणापाशी, वाऱ्याकडे. पार दमली होती.

"पपई देठ देईना, इरू बत्ता उचलेना, बत्ता रिठा फोडेना, रिठा फेस देईना, पाणी तेल काढेना, पंख उघडेना, पिल्लू थांबेना. वारेदादा, पपई हलवा."

वारा म्हणाला, "कधीपासून मी एक आवाज घेऊन फिरतोय. 'आई, भूक. आई, भूक.' ती आई तू होय? आधी नाही का सांगायचं?"

सूं सूं सूं. वाऱ्यानं पपई हलवली.
टपाक. पपईनं देठ दिला.
हुश्श. इरूनं बत्ता उचलला. दोन्ही हातांनी.
कटाक. बत्त्यानं रिठा फोडला. काळी बी पळाली घरंगळत.
इरूनं साल पाण्यात चोळली. खळखळ, फसफस. रिठ्यानं फेस दिला.

ठिपकी फेसात बसली. आणि काय सांगू, फेसानं एक हात दिला तेलाला. एक हात दिला पाण्याला. दोघांना घेऊन निघाला.

पाणी बघतच राहिलं. "अगं बाई, आलं की तेल माझ्याबरोबर."

इरूनं देठ बुडवला. फू. एक फुगा निघाला. त्यात हिरवं, त्यात गुलाबी, त्यात अख्खं अंगण. इरूनं ओलं बोट लावलं. फुगा तसाच. कोरडं बोट लावलं. फट्.

इरूची आई आली टॉवेल घेऊन. "आज आपणहून न्हायला बसलीस?"

"मी नाही. ही न्हातेय," इरू म्हणाली.

"बरं. मग आता तिला साध्या पाण्यानं धू. फेस अंगावर ठेवायचा नसतो."

इरूनं पाणी घातलं. चुळुक चुळुक. तेल गेलं, फेस गेला. ठिपकी उन्हात बसली. एक पंख उघडला. दुसरा उघडला. आईनं तिच्यापुढे चिमूटभर नाचणी टाकली.

ठिपकीनं चोच भरली. भुर्र. थेट घरट्यात.

पिल्लू म्हणालं, "आई, किती उशीर?"

"अरे, न्हायला बसले होते."

पिल्लानं चोच उघडली. ठिपकीनं दाणा घातला.

पिल्लू म्हणालं, "अजून."