कावळ्याने मांडलेले शंख

माणसाने समुद्रात पहिली होडी लोटली, त्याच्याही आधीची ही गोष्ट. एका कावळ्याला शंख गोळा करायचा भारी नाद होता. वाळूत सापडेल तो रिकामा शंख तो कातळावर नेऊन मांडायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला प्रत्येक शंखाची जात ऐकवायचा.

रिकाम्या शंखात घर करणाऱ्या खेकड्यांचे मात्र हाल झाले. त्यांचं अंग मऊ, आणि किनाऱ्यावर एक शंख शिल्लक नाही. शेवटी एक खेकडीण धाकट्या बहिणीला घेऊन कातळापाशी आली.

"कावळेदादा, हिचा शंख फुटलाय. एखादा दे ना."

"आणि माझी रांग मोडू? जा, दुसरीकडे बघ!"

तेवढ्यात घारीने झडप घातली आणि उघड्या बहिणीला उचलून नेलं.

खेकडीण संतापाने मागे फिरली. तिने सगळ्या खेकड्यांना हाका मारल्या. भरतीच्या पाण्याबरोबर ते कातळावर चढले, आणि ज्याला जो शंख बसला तो घेऊन समुद्राकडे निघाले. सर्वांत सुंदर शंख खेकडिणीने घेतला.

"तो नको!" कावळा किंचाळला. "तसा माझ्याकडे एकच आहे!"

"मला बहीणही एकच होती!" खेकडीण कडाडली, आणि शंखासकट लाटेत शिरली.