बोडक्या डोक्याचा सेनापती

फार फार मागे, डोंगरांच्या कुशीत एक लहानसं राज्य होतं. जुनी माणसं त्याची गोष्ट सांगतात तेव्हा शेवटी सगळं सैन्य कापलं जातं. मला तो शेवट कधीच सहन झाला नाही. म्हणून मी माझ्या मनासारखी सांगतो, ऐका.

त्या राज्यात एक रीत होती. सेनापती जिंकल्यावाचून परतला, तर गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईने वेशीवर, सगळ्यांदेखत त्याची पगडी उतरवायची. या धाकाने कित्येक सेनापती परतलेच नाहीत, आणि त्यांच्यामागे गेलेली पोरंही.

एकदा तिथल्या सेनापतीने खिंडीपलीकडच्या शत्रूच्या किल्ल्याला वेढा घातला. किल्ला काही पडेना. दाणागोटा संपत आला. तेवढ्यात हेर धापा टाकत आला.

"सरदार, शत्रूची कुमक निघालीय. उद्या दुपारी खिंड अडवतील. मग आपण अडकित्त्यातली सुपारी!"

"परत जायचं? आणि माझी पगडी?" सेनापती म्हणाला.

चिडून तो तंबूबाहेर पडला. चार शिपाई एक भाकरी वाटून खात होते. त्यातला एक हसून म्हणाला, "सरदार, घरी मुलगी झालीय. माझ्यासाठी बारसं थांबवलंय. तुम्ही यायचं बरं का!"

लाज कशाची वाटायला हवी, ते सेनापतीला तिथे कळलं.

उजाडताना दाट धुकं पडलं. सेनापतीने पगडी उतरवून भाल्यावर ठेवली, भाला तंबूपुढे रोवला आणि बोडक्या डोक्याने सैन्यापुढे उभा राहिला. कोणाला काही सांगावं लागलं नाही; सैन्य गुपचूप माघारी वळलं. किल्ल्यावरचे तिरंदाज धुक्यातल्या पगडीवर बाण सोडत बसले. इकडे शेवटचा घोडाही खिंड ओलांडून गेला.

वेशीवर म्हातारी उभी होती. तिने हात वर केला, तर पगडीच नाही.

"आजी, ती तिकडेच राहिली," सेनापती मान खाली घालून म्हणाला. "माणसं तेवढी आणली."

म्हातारीने त्याच्यामागे पाहिलं. आया आपल्या पोरांच्या तोंडावरून हात फिरवत होत्या. तिची स्वतःची दोन्ही मुलं अशीच कुणाच्या तरी पगडीपायी गेली होती. तिला रडू आवरेना. तिने आपला पदर सेनापतीच्या डोक्यावर धरला.

"ऊन लागेल रे बाबा," ती म्हणाली.

पुढल्या वर्षी शत्रू चालून आला. जुन्या गोष्टीत तेव्हा वेस ओस पडलेली असते. माझ्या गोष्टीत तिथे तीच सगळी माणसं उभी होती, नुकत्याच चालायला लागलेल्या मुलीचा बापसुद्धा. शत्रू आल्या पावली परत गेला.

तात्पर्य: वेळेवर घेतलेल्या माघारीला शहाणपण म्हणतात, उशीर झाला की माघार घ्यायलाही कोणी उरत नाही.